लायका: सात नोव्हेंबरच्या आत

स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न वर्षानुवर्षं छापला जातो. अंतराळात जाणारा पहिला प्राणी कोणता? उत्तर: लायका ही रशियन कुत्री. मुलं पाठ करतात आणि एक गुण मिळवतात. पण हे उत्तर बरोबर नाही. १९४७ मध्ये अमेरिकेने व्ही-२ रॉकेटमधून फळमाश्या शंभर किलोमीटरच्या वर धाडल्या होत्या. १९४९ मध्ये आल्बर्ट दुसरा नावाचं माकड त्याहून वर गेलं आणि परतताना पॅराशूट निकामी होऊन मेलं. २२ जुलै १९५१ ला देझिक आणि त्सिगान हे दोन रशियन कुत्रे जवळपास शंभर किलोमीटर वर जाऊन जिवंत खाली उतरले. लायका पहिली ठरली ती पृथ्वीभोवती कक्षेत फिरण्यात.

आणखी एका बाबतीत ती वेगळी आहे, आणि ते या पुस्तकांत कधीच नसतं. सोव्हिएत संघाने रॉकेटमधून जितके कुत्रे पाठवले, त्यांत परत आणण्याची सोयच न करता पाठवलेली ती एकटी. बाकीचेही कित्येक मेले. कुणाचं पॅराशूट उघडलं नाही, कुणाचं रॉकेट फुटलं. पण त्यांना परत आणायचं होतं. लायकाच्या बाबतीत ती परत येणार नाही, हे तिच्या अंगाला पहिली तार लावण्याआधीच ठरलेलं होतं. हा निर्णय कसा झाला, का झाला आणि त्यातून हाती काय आलं, एवढंच मला इथे नीट मांडायचं आहे.

आधीची सहा वर्षं

मॉस्कोच्या हवाई वैद्यक संस्थेत व्लादिमीर याझदोव्स्की या डॉक्टरच्या हाताखाली हे काम चाललं होतं. अमेरिकेने माकडं निवडली, रशियनांनी कुत्रे. माकड बिथरतं, अंगावरच्या तारा ओढून काढतं, म्हणून त्याला भूल द्यावी लागे. कुत्रा माणसाचं ऐकतो, शिकतो, आणि पावलोव्हच्या काळापासून रशियन शरीरशास्त्रज्ञांना कुत्र्याच्या शरीराची खडान्‌खडा माहिती होती.

कुत्रे आणले जात रस्त्यावरून. थंडी आणि उपासमार सोसून जगलेला भटका कुत्रा पाळीव जातिवंत कुत्र्यापेक्षा काटक असतो, हा हिशेब. वजन सहा-सात किलोच्या आत हवं, अंगावरचा रंग फिकट हवा म्हणजे चित्रीकरणात नीट दिसेल. कक्षेच्या उड्डाणासाठी मादीच हवी, कारण तिला पाय उचलावा लागत नाही आणि मलमूत्राची पिशवी तिच्या अंगाला बसवणं सोपं.

देझिक आणि त्सिगान सुखरूप उतरले. देझिकला आठवड्याभरातच लिसा नावाच्या कुत्रीबरोबर पुन्हा पाठवलं. पॅराशूट उघडलं नाही आणि दोघंही गेली. त्यानंतर त्सिगानला उडवायचं नाही असं ठरलं आणि या उड्डाणांवर देखरेख करणारे शास्त्रज्ञ ब्लागोनरावोव्ह त्याला घरी घेऊन गेले. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण ही माणसं दगडाची नव्हती. कुत्र्यांना ती नावाने ओळखत, आणि उड्डाण झालं की माळरानावर गाड्या पळवत खाली येणारं पॅराशूट शोधायला जात.

या उड्डाणांत रॉकेट सरळ वर जाई आणि खाली येई. वजनरहित अवस्था मिळे ती काही मिनिटांपुरती. तेवढ्यात प्राणी मरत नाही, एवढं कळलं होतं. काही तास किंवा काही दिवस तसंच राहिलं तर हृदयाचं, श्वासाचं, गिळण्याचं काय होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस पाठवायचा तर ते कळायलाच हवं होतं. ही गरज खरी होती आणि ती नाकारून लायकाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

एक तारीख

४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुतनिक-१ हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह गेला. साडेत्र्याऐंशी किलोचा गोळा आणि त्याचा बीप-बीप आवाज यांनी सगळं जग हादरलं. मॉस्कोत बसलेल्या नेत्यांनाही आपण काय करून बसलो हे जगाच्या वर्तमानपत्रांमुळे कळलं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी रॉकेटचे मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्योव्ह यांना बोलावून घेतलं. ७ नोव्हेंबरला रशियन क्रांतीला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. त्याआधी अंतराळात काहीतरी नवीन करून दाखवा, ही मागणी.

कोरोल्योव्ह यांच्याकडे एक मोठा वैज्ञानिक उपग्रह आधीपासून तयार होत होता, पण तो वेळेत होणार नव्हता. पुढे १५ मे १९५८ ला तो स्पुतनिक-३ म्हणून गेला. मग जे हाताशी आहे त्यातून काय उभं करता येईल? रॉकेट होतं, मात्र त्याची तोवर तीनच उड्डाणं यशस्वी झाली होती. कुत्र्यांसाठीच्या हवाबंद पेट्या होत्या. शिकवलेले कुत्रे होते. कक्षेतून एखादी वस्तू सुखरूप खाली आणण्याचं तंत्र मात्र जगात कुणाकडेच नव्हतं, आणि ते चार आठवड्यांत होण्यासारखंही नव्हतं.

स्पुतनिकनंतर नुकत्याच रजेवर गेलेल्या माणसांना परत बोलावलं. रीतसर आराखडे काढायला वेळ नव्हता. अभियंते कारखान्यात जाऊन कारागिरांशेजारी उभे राहत, कच्च्या रेखाटनांवरून भाग बनवून घेत. त्या वेळी तिथे तरुण अभियंता असलेले आणि पुढे अंतराळवीर झालेले गिओर्गी ग्रेचको यांनी एक आठवण सांगितली आहे: आराखडे नाहीत, तपासणीचे सोपस्कार नाहीत, जो तो आपल्या मनाला साक्षी ठेवून काम करत होता, आणि तो महिना आपल्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता असं कोरोल्योव्ह म्हणत.

ही आठवण पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थांबलो. खोटं त्यात काही नाही. जीव ओतून काम करणाऱ्या माणसाला असा महिना सुखाचा वाटणारच. पण त्याच महिन्यात संस्थेच्या दुसऱ्या टोकाला तीन कुत्र्या दिवसेंदिवस लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत बसलेल्या होत्या.

तिघी

अल्बिना, मुखा आणि कुद्र्यावका. अल्बिना अनुभवी, दोनदा रॉकेटमधून जाऊन आलेली. मुखा उपकरणांच्या चाचणीसाठी. कुद्र्यावका म्हणजे कुरळी. वय दोन-तीन वर्षं, वजन सहा किलोच्या आसपास, मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली, स्वभावाने शांत, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडण न करणारी. तिलाच पुढे लायका म्हणू लागले. रशियनमध्ये त्याचा अर्थ भुंकणारी.

अल्बिना जास्त तयार होती. पण तिला नुकतीच पिल्लं झाली होती, आणि दोनदा जीव मुठीत धरून परतलेल्या कुत्रीला मरायला पाठवणं लोकांच्या जिवावर आलं. तिला राखीव ठेवलं आणि लायकाची निवड झाली. म्हणजे माया होती, आणि तीच एका कुत्रीला वाचवून दुसरीला पुढे करत होती.

तयारी कशी होती? एका पिंजऱ्यातून त्याहून लहान पिंजऱ्यात, मग त्याहूनही लहान, असं वीस-वीस दिवस. कोंडल्यामुळे कुत्र्यांनी मलमूत्र विसर्जन थांबवलं. अस्वस्थता वाढली, तब्येत ढासळली. रेचकंही लागू पडेनात. हळूहळू, बऱ्याच दिवसांच्या सवयीनेच त्या थोड्या सावरल्या. आमच्या गल्लीतल्या एका कुत्रीला नसबंदीसाठी नेताना अर्धा तास पिंजऱ्यात ठेवावं लागलं होतं. तो अर्धा तास तिने दाराच्या जाळीवर नाक दाबून काढला. वीस दिवस म्हणजे काय, याची मला तेवढ्यावरूनच कल्पना करता येते.

याशिवाय गरगर फिरवणाऱ्या यंत्रात बसवून उड्डाणाचा दाब सोसायला लावणं, रॉकेटच्या आवाजाची सवय करणं, आणि जेलीसारख्या घट्ट खाण्याची सवय करणं, कारण वजनरहित अवस्थेत पाणी भांड्यात राहत नाही. मग शस्त्रक्रिया. श्वास मोजण्यासाठी बरगड्यांपाशी तारा बसवल्या, आणि नाडी व रक्तदाब मोजता यावा म्हणून मानेतली मोठी धमनी कातडीच्या घडीत घेऊन बाहेरच्या बाजूला आणली.

रॉकेट सोडण्याच्या तळावर नेण्याआधी याझदोव्स्की लायकाला एकदा आपल्या घरी घेऊन गेले. त्यांची मुलं तिच्याशी खेळली. पुढे त्यांनी लिहिलं की तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावंसं वाटलं, तिच्याकडे फार थोडा वेळ उरला होता. जीवशास्त्रज्ञ आदिल्या कोतोव्स्काया यांनी पुष्कळ वर्षांनी, वयाची नव्वदी गाठलेली असताना, सांगितलं की शेवटचं कुरवाळताना त्यांनी तिची क्षमा मागितली आणि त्या रडल्या.

पेटीत

३१ ऑक्टोबरला, उड्डाणाच्या तीन दिवस आधी, लायकाला पेटीत ठेवलं. तिचे केस सौम्य अल्कोहोलने पुसले, तारा जिथे अंगात जात होत्या तिथे आयोडीन लावलं. पेटीत तिला उभं राहता येई, बसता येई, आडवं होता येई. वळता येत नसे. साखळ्या तेवढ्याच लांबीच्या होत्या. हवा शुद्ध करणारी रसायनं होती, सात दिवस पुरेल इतकं खाणं होतं, आणि तापमान १५ अंशांच्या वर गेलं की आपोआप सुरू होणारा पंखा होता.

तळावर कडाक्याची थंडी होती. पेटीत ऊब राहावी म्हणून बाहेरच्या यंत्रातून नळीने गरम हवा सोडली जात होती आणि दोन मदतनीस तिच्यावर सतत लक्ष ठेवून होते. पेटीचं झाकण लावण्याआधी तिथल्या माणसांनी तिच्या नाकाचा मुका घेतला आणि प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या, असं त्यांच्यातल्याच एकाने नंतर सांगितलं. ती परत येणार नाही हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

३ नोव्हेंबर १९५७, मॉस्कोच्या वेळेप्रमाणे पहाटे साडेपाच. रॉकेट सुटलं. शांत असताना मिनिटाला १०३ असलेले तिचे ठोके २४० वर गेले. श्वास तिपटी-चौपटीने वाढला. काही मिनिटांत स्पुतनिक-२ हा ५०८ किलोचा उपग्रह कक्षेत पोचला आणि इंजिनांचा आवाज थांबला. ठोके उतरू लागले, पण फार सावकाश. जमिनीवरच्या चाचणीत लागला होता त्याच्या तिप्पट वेळ लागला. साधारण तीन तासांनी ते १०२ वर आले. ती अस्वस्थ होती, पण जिवंत होती आणि खात होती.

हा आकडा मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वजनरहित अवस्थेत एका जिवाचं हृदय तीन तासांत स्वतःला सावरून घेतं, हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते या १०२ वरून. प्रयोगाचा खरा प्रश्न हाच होता आणि उत्तर यायला सुरुवात झाली होती.

त्याच वेळी पेटीतलं तापमान चढत होतं. उपग्रह रॉकेटच्या मधल्या टप्प्यालाच जोडलेला ठेवायचा, असं आधीच ठरलं होतं, कारण माहिती जमिनीवर पाठवणारं यंत्र त्या टप्प्यात होतं. उष्णतारोधक आवरणाचा काही भाग फाटला होता. पंखा कमी पडला. तापमान ४० अंशांपर्यंत गेलं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि बंद पेटीतली हवाच तापलेली असेल तर धापा टाकूनही उपयोग नसतो. सुटल्यापासून पाच ते सात तासांनी, चौथ्या फेरीच्या सुमारास, जिवंतपणाची खूण येणं थांबलं.

पंचेचाळीस वर्षांची गोष्ट

पुढचे काही दिवस बाहेर आलेल्या बातम्यांत ती जिवंतच होती. लंडनमध्ये कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने लोकांना तिच्यासाठी रोज एक मिनिट शांत उभं राहायला सांगितलं. सोव्हिएत दूतावासाबाहेर निदर्शनं झाली. ज्या दिवसांत लोक असे उभे राहत होते, तेव्हा ती जाऊन कित्येक दिवस झालेले होते. सोव्हिएत संघात तिच्या नावाने सिगारेट निघाली. प्राणवायू संपल्यावर ती गेली, असं काहींनी सांगितलं. काहींनी लिहिलं की शेवटच्या घासात औषध घालून तिला वेदना न होता झोपवलं. दोन्ही गोष्टींत ती कित्येक दिवस जगलेली होती.

खरं बाहेर आलं ते ऑक्टोबर २००२ मध्ये. ह्यूस्टनच्या जागतिक अंतराळ परिषदेत दिमित्री मालाशेन्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने मांडलं की लायका उष्णतेने आणि घाबरून काही तासांतच गेली. त्यांनी कारणही सांगितलं: इतक्या थोड्या वेळात तापमान ताब्यात ठेवणारी भरवशाची यंत्रणा उभी करणं जवळजवळ अशक्य होतं.

मरण कशाचं?

सगळ्या प्रकरणाचा गाभा मला मालाशेन्कोव्ह यांच्या या एका वाक्यात दिसतो. वैद्यकीय कारण उष्णता. पण उष्णता वाढली कारण यंत्रणा कच्ची होती, यंत्रणा कच्ची राहिली कारण वेळ नव्हता, आणि वेळ नव्हता तो कॅलेंडरमुळे. शास्त्राने ७ नोव्हेंबर मागितला नव्हता. अमेरिकेचा पहिला उपग्रह ३१ जानेवारी १९५८ ला गेला, आणि त्याचं वजन चौदा किलोच्या आत होतं. शर्यत म्हटली तरी मॉस्कोच्या हातात वेळ होता.

याचा दुसरा परिणाम माझ्या मते पुरेसा बोलला जात नाही. प्रयोग सात दिवसांचा होता. मिळाले काही तास, आणि त्यांतल्या शेवटच्या तासांची माहिती उष्णतेने बिघडवलेली. त्या वेळी ठोके वाढले असतील तर ते वजनरहित अवस्थेने की तापलेल्या हवेने, हे वेगळं काढता येत नाही. घाईने तिचा जीव घेतला आणि ज्यासाठी तो घेतला तो प्रयोगही मोडला. सात दिवस जगून, ठरल्याप्रमाणे झोपेत गेली असती तरी मला वाईट वाटलं असतं. पण निदान तिने भोगलेल्या प्रत्येक दिवसाची नोंद कुणाच्या तरी उपयोगाला आली असती.

यावर कुणी म्हणेल, तिच्यामुळेच अंतराळातला पहिला माणूस, गागारीन, गेले. हे अर्धं खरं आहे. सजीव कक्षेत पोचतो आणि तिथे काही तास जगतो, हे तिने दाखवलं. पण गागारीन यांच्या उड्डाणाचा आराखडा ठरला तो पुढच्या कुत्र्यांवरून. १९ ऑगस्ट १९६० ला बेल्का आणि स्त्रेल्का गेल्या, दिवसभर फिरल्या आणि दुसऱ्या दिवशी जिवंत उतरल्या. चौथ्या फेरीत बेल्का तळमळली आणि ओकली. त्यामुळे पहिल्या माणसाने एकच फेरी मारावी असं डॉक्टरांनी सुचवलं, आणि १२ एप्रिल १९६१ ला गागारीन १०८ मिनिटांत परत आले. हे कळलं कारण बेल्का परत आली, तिला तपासता आलं, पुढे तिच्यावर लक्ष ठेवता आलं. परतीचं तंत्र यायला तीन वर्षं लागली. त्या वाटेवरही कुत्रे मेले: २८ जुलै १९६० ला चायका आणि लिसिचका रॉकेट फुटून गेल्या. तरीही त्यांना परत आणायचं होतं, आणि हा फरक मला मोठा वाटतो. आज गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी इस्रोने कुत्रा-माकड न घेता व्योममित्र ही मानवाकृती तयार केली. ते शक्य झालं कारण शरीराचं काय होतं हे या जिवांनी आधीच सांगून ठेवलं आहे.

परत आणायचं ठरवल्यावर हीच सोव्हिएत माणसं काय करत, ते १९६० च्या डिसेंबरात दिसलं. २२ डिसेंबरला दामका आणि क्रासावका या दोन कुत्र्यांचं रॉकेट वाटेत बिघडलं आणि त्यांचं यान सायबेरियात तुरा गावाच्या भागात बर्फात पडलं. थंडी उणे चाळीसच्या खाली. यानात स्वतःचा स्फोट घडवणारी यंत्रणा होती, साठ तासांनी उडणारी. ती कधीही उडू शकते हे माहीत असताना अभियंते आर्विद पाल्लो यांची शोध तुकडी गेली आणि यंत्रणा निकामी केली. बरोबरचे उंदीर थंडीने मेलेले होते. दोन्ही कुत्र्या जिवंत होत्या. त्यांना मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळून आणलं. क्रासावकाला ओलेग गाझेन्को यांनी घरी नेलं, आणि ती त्यांच्याकडे पुढे कित्येक वर्षं राहिली.

लायकाला शिकवणाऱ्यांतले गाझेन्को ते हेच. १९९८ मध्ये मॉस्कोत बोलताना ते म्हणाले की जसजसा काळ जातो तसतसं मला त्याचं जास्त वाईट वाटतं. त्या कुत्रीच्या मृत्यूचं समर्थन व्हावं इतकं आम्ही त्या उड्डाणातून शिकलो नाही. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं. मालाशेन्कोव्ह यांचा ह्यूस्टनमधला निबंध अजून चार वर्षं दूर होता.

स्पुतनिक-२ तिचं शरीर घेऊन फिरत राहिला आणि १४ एप्रिल १९५८ ला वातावरणात शिरून जळाला. मॉस्कोत, जिथे तिची तयारी झाली त्या लष्करी वैद्यकीय संस्थेजवळ, ११ एप्रिल २००८ ला तिचं लहानसं स्मारक उभं राहिलं. रॉकेट वर जाता जाता माणसाच्या तळहातासारखं उघडतं, आणि त्या तळहातावर ती उभी आहे. गाझेन्को तेव्हा नव्हते. पाच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २००७ मध्ये ते वारले होते.